मामांची मोटर दोनदा का जळाली?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण परभणीच्या एका कॉन्व्हेंट शाळेत झालं. मराठी हा विषय होता, पण तो पास होण्यापुरताच. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या सरांनी क्षमा करावी. आपल्या मासिकाच्या या विभागाची संपादिका माझी रूममेट आहे. "कविता ढीगभर आल्यात, टेक्निकल लेख मराठीत एकही नाही," असं म्हणत ती पंधरा दिवस माझ्या मागे लागली होती. रोज रात्री एकाच खोलीत झोपायचं असल्यामुळे नाही म्हणण्याची सोय नव्हती. असो.

तर विषय आहे व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. इलेक्ट्रिकलच्या आपल्या सगळ्यांच्या जर्नलमध्ये तो प्रयोग आहे. रीडिंग मागच्या बॅचचं, ग्राफ मागच्या बॅचचा, फक्त सही आपली! मीही तेच केलं होतं. ओरलला मशिन्सच्या सरांनी विचारलं, "मोटर गरम झाली हे ड्राइव्हला कसं कळतं?"

मी आत्मविश्वासाने सांगितलं, "सर, मोटरमध्ये सेन्सर असतो."

"दाखव."

लॅबमधल्या मोटरला तीन फेजच्या वायर आणि एक अर्थिंग, बस. सेन्सर कुठेच नाही. मागे खसखस पिकली. "मग कळतं कसं?" सरांनी परत विचारलं. मी गप्प. मार्क किती मिळाले ते विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुढे मार्च महिन्यात मानवतच्या एका जिनिंगमध्ये मिळालं.

मानवत, सेलू, पाथरी हा आपल्या जिल्ह्यातला कापसाचा पट्टा. माझे मामा मानवतजवळच्या एका जिनिंगमध्ये वायरमन आहेत. वीस वर्षांच्या वर झाली त्यांना. आयटीआयनंतर जे लागले ते तिथेच. एका शनिवारी रात्री हॉस्टेलवर त्यांचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"पोरी, तू ते ड्राइव्हचं शिकायलीस ना? आमची बेल्टची मोटर परत जळालीय. दुसऱ्यांदा. मालक म्हणायलेत, वायरमनचं लक्ष नाही. जानेवारीत रिवायंडिंगचे निम्मे पैसे माझ्या पगारातून कापले. आता म्हणायलेत सगळे कापतो."

मामांना मी कधी कामात हयगय करताना पाहिलेलं नाही. आमच्या घरातला फ्यूज बांधायचा असला तरी ते आधी दोनदा टेस्टर लावतात. रविवारी सकाळीच मी रेल्वेने मानवत रोडला उतरले आणि तिथून टमटमने गेले. सोबत एक मल्टिमीटर आणि आपल्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या किटमधला पाच किलोओहमचा एक पॉट होता (परत केला आहे, लॅब असिस्टंट काकांनी काळजी करू नये).

ज्यांनी जिनिंग पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. शेतकऱ्याच्या टेम्पोतून उतरलेला कापूस बेल्टवरून जिन मशिनच्या रांगेकडे जातो. मशिनमध्ये रुई वेगळी होते, सरकी खाली पडते, आणि रुईची दाबून गाठ बांधतात. ती साधारण १७० किलोची. कापूस ओला असेल, कचरा जास्त असेल, किंवा दोन-तीन मशिन बंद असतील तर बेल्ट हळू चालवावा लागतो, नाहीतर मशिनच्या तोंडाशी कापूस तुंबतो. म्हणून त्या बेल्टच्या मोटरला ड्राइव्ह होता. बेल्ट बंद म्हणजे सगळी रांग बंद. मी गेले तेव्हा आवारात टेम्पो आणि ट्रॅक्टर ओळीने उभे होते आणि काही शेतकरी टेम्पोच्या सावलीत झोपले होते. आदल्या दिवशीपासून थांबलेले!

आता थोडी थिअरी, पण घाबरू नका. ड्राइव्ह थ्री फेज एसीचं आधी डीसी करतो आणि त्या डीसीचे तुकडे पाडून पाहिजे त्या फ्रिक्वेन्सीचा एसी तयार करतो. चार पोलच्या मोटरचा सिंक्रोनस वेग म्हणजे १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले ४. ५० हर्ट्झला १५००, २० हर्ट्झला ६००. व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवतात, ४१५ भागिले ५० म्हणजे दर हर्ट्झला ८.३ व्होल्ट, म्हणजे मोटरमधला फ्लक्स तेवढाच राहतो. असा ड्राइव्ह कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करून विकायला डॅनफॉस या डॅनिश कंपनीने १९६८ साली सुरुवात केली. मॉडेलचं नाव व्हीएलटी ५. आज आपल्याकडे जिनिंगपासून पाणीपुरवठ्याच्या पंपांपर्यंत सगळीकडे ड्राइव्ह दिसतात.

वेग कमी केला तर मोटर आरामात चालेल असं आपल्याला वाटतं. मलाही वाटायचं. सक्शनच्या पंख्यासाठी ते खरंही आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याला लागणारा टॉर्क चौथाईवर येतो, करंट उतरतो. पण बेल्टचं तसं नाही. बेल्टवरचं ओझं तेवढंच, घर्षण तेवढंच, म्हणून टॉर्क तेवढाच लागतो आणि करंटही जवळजवळ तेवढाच. कॉपर लॉस हा करंटच्या वर्गावर असतो, वेगावर नाही. म्हणजे वाइंडिंगमध्ये उष्णता तेवढीच तयार होणार. पण ती उष्णता बाहेर काढणारा पंखा कुठे आहे? मोटरच्याच शाफ्टवर, मागच्या कव्हरच्या आत! मोटर ६०० च्या वेगाने फिरली तर पंखाही ६०० नेच फिरतो आणि हवा ४० टक्क्यांवर येते. चूल तशीच पेटलेली आणि खिडकी अर्ध्याहून जास्त बंद.

त्यात जिनिंगची हवा. बारीक रुईचे तंतू सगळीकडे उडत असतात. मामांनी जळालेल्या मोटरचं पंख्याचं कव्हर मला दाखवलं (मोटर वाइंडरकडे गेली होती, कव्हर काढून ठेवलेलं). जाळीवर उशीसारखा थर! त्यातून हवा जाणं शक्यच नव्हतं. त्यात मार्चअखेरचं ऊन आणि डोक्यावर पत्र्याचं छत. मोटरचं रेटिंग बहुतेक वेळा सभोवतालची हवा ४० अंश धरून ठरवलेलं असतं. त्या शेडमध्ये दुपारी किती असतं ते परभणीकरांना सांगायला नको.

आता मुख्य गोष्ट, ड्राइव्ह काय करत होता?

मोटरची नेमप्लेट मामांनी वहीत उतरवून ठेवली होती. ५.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ११ अँपिअर, १४४० आरपीएम, इन्सुलेशन क्लास एफ. मी ड्राइव्हचा कीपॅड हातात घेतला आणि मोटर डेटाचे पॅरामीटर उघडले. मोटर करंटच्या जागी आकडा होता १६. मामांना विचारलं तर कळलं, पहिला ड्राइव्ह मागच्या वर्षी बिघडला तेव्हा दुकानात होता तो साडेसात किलोवॅटचा आणून लावला. बसवणारा मुलगा आला, बटणं दाबली, बेल्ट फिरला, निघून गेला. १६ अँपिअर हा ड्राइव्हच्या मापाच्या मोटरचा आकडा, कारखान्यातून आलेला तसाच राहिलेला. मोटरचा ११ कोणी टाकलाच नाही.

याने काय होतं? आपल्या ओरलच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ड्राइव्हला मोटरचं तापमान कळत नाही. तो ते गणिताने काढतो. मोटरला किती करंट जातोय, किती वेळ जातोय, फ्रिक्वेन्सी किती आहे, यावरून तो मनातल्या मनात एक मोटर तापवतो. याला इलेक्ट्रॉनिक थर्मल रिले म्हणतात. ते काल्पनिक तापमान मर्यादेबाहेर गेलं की ट्रिप. हे सगळं गणित ज्या आकड्यावर उभं आहे तो आकडा म्हणजे मोटरचा रेटेड करंट. तिथे १६ लिहिलं तर ड्राइव्ह समजतो की १६ अँपिअर या मोटरला आयुष्यभर चालतील. वर्ग करून बघा, १६ भागिले ११ चा वर्ग २.१ येतो. दुपटीहून जास्त कॉपर लॉस, आणि ड्राइव्ह म्हणतो ठीक आहे.

मामांच्या आठवणीप्रमाणे दुपारी डिस्प्लेवर १३ दिसायचे. ड्राइव्हच्या हिशोबाने ते ८१ टक्के. मोटरच्या हिशोबाने ११८ टक्के करंट आणि सुमारे ४० टक्के जास्त उष्णता, तीही ४० टक्के हवेत.

हॉस्टेलवाल्यांना कळेल असं सांगते. आपल्या मेसचे मॅनेजर रजिस्टर बघून ठरवतात किती जण जेवले. सह्या साठ, म्हणजे साठ जण. पण कोणी मित्राला घेऊन आलं, कोणी दोन डबे भरून नेले, हे रजिस्टरला कळत नाही. ते फक्त पातेल्याचं झाकण उघडल्यावर कळतं. इलेक्ट्रॉनिक थर्मल रिले म्हणजे रजिस्टर. ते बरोबर भरलं असेल तर बऱ्याच वेळा काम भागतं. पण जाळीवर उशी बसली आहे, पत्रा तापला आहे, हे त्यात लिहायला रकानाच नाही. आणि मामांच्या ड्राइव्हमध्ये तर रजिस्टरही दुसऱ्याच मेसचं होतं!

"पण ड्राइव्ह ट्रिप तर व्हायचा," मामा म्हणाले. "दुपारनंतर मोटर ओव्हरलोड म्हणून यायचा."

"मग तुम्ही काय करायचे?"

"काय करणार? मालक बोंबलायचे, गाड्या उभ्या राहायच्या. मेन स्विच बंद करायचा, दहा-वीस सेकंद थांबायचं, चालू करायचा. लगेच चालायचा."

लगेच का चालायचा हे मला त्यांच्या टेबलावर पडलेल्या मॅन्युअलमध्ये सापडलं. या ड्राइव्हमध्ये पॉवर गेली की मनातल्या मोटरचं तापमान पुसलं जातं. पुन्हा चालू केला की तो थंड मोटर धरून शून्यापासून हिशोब सुरू करतो. खरी मोटर मात्र आत तशीच तापलेली. आठवण जपून ठेवणारे ड्राइव्हही असतात, काहींमध्ये तो पर्याय निवडावा लागतो. म्हणजे प्रत्येक बंद-चालूला मामा त्या मोटरला आणखी एक पूर्ण फेरी तापवत होते. लाइट गेली आणि आली की हेच, कोणी स्विचला हात न लावता. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते हे सगळ्यांना माहीत आहे.

हे सांगितल्यावर मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मीच जाळली म्हणायची." मला फार वाईट वाटलं. खरं तर ड्राइव्ह ट्रिप झाल्यावर थांबायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि थांबले असते तर मालकांनी ऐकून घेतलं नसतं.

इन्सुलेशनचं आयुष्य तापमानावर कसं उतरतं यावर मॉन्टसिंगर नावाच्या इंजिनिअरने ट्रान्सफॉर्मरवर काम करून १९३० साली एक नियम मांडला, साधारण ८ अंश वाढले की आयुष्य निम्मं. मोटरसाठी आज १० अंशांचा ठोकताळा वापरतात. क्लास एफची मर्यादा १५५ अंश. ती २० अंशांनी ओलांडत राहिलं तर आयुष्य चौथाई. एकदम जळत नाही, वार्निश रोज थोडं थोडं करपतं आणि एक दिवस दोन वेढे चिकटतात. म्हणून जळण्याच्या दिवशी जो ड्यूटीवर असतो त्याच्यावर आळ येतो.

आता पातेल्याचं झाकण उघडायचं म्हणजे काय, ते पाहू. चांगल्या मोटरमध्ये वाइंडिंगच्या आत पीटीसी थर्मिस्टर बसवलेले असतात. डाळीच्या दाण्याएवढे, प्रत्येक फेजमध्ये एक, तिन्ही सिरीजमध्ये, आणि दोन बारीक वायर टर्मिनल बॉक्समध्ये आणलेल्या. हा थर्मिस्टर थंड असताना त्याचा रोध कमी असतो आणि ठरलेल्या तापमानाला एकदम उडी मारतो. डीआयएन ४४०८१ या जर्मन मानकाप्रमाणे एका थर्मिस्टरचा रोध थंड असताना २५० ओहमपेक्षा कमी, ठरलेल्या तापमानाच्या ५ अंश खाली जास्तीत जास्त ५५०, ५ अंश वर कमीत कमी १३३०, आणि १५ अंश वर ४००० च्या पुढे. तीन सिरीजमध्ये असल्यामुळे कुठलीही एक फेज तापली तरी एकूण रोध उडतो. जाळी तुंबली, हवा गरम झाली, बेअरिंग घासलं, कारण काहीही असो, वाइंडिंग तापली की याला कळतं. लाइट जाऊन आली तरी हा विसरत नाही, कारण तो स्वतःच गरम असतो.

"मामा, टर्मिनल बॉक्समध्ये दोन बारीक वायर होत्या का?"

"होत्या की. कशाच्या आहेत कळंना, म्हणून टेप गुंडाळून ठेवल्या होत्या. जानेवारीत रिवायंडिंग होऊन आली तेव्हा त्या दिसल्या नाहीत."

म्हणजे पहिल्यांदा जळाली तेव्हा थर्मिस्टर होते पण जोडलेले नव्हते, आणि दुसऱ्यांदा जळाली तेव्हा तर नव्हतेच! वाइंडरने जुन्या तांब्याबरोबर ते काढून टाकले. त्याचाही फार दोष नाही, नवीन घाला असं त्याला कोणी म्हटलंच नव्हतं. मी तिथूनच त्याला फोन लावला. मोटर अजून वार्निशला गेली नव्हती. एफ क्लासच्या वायरसाठी १५० अंशांचे तीन थर्मिस्टर, पंख्याच्या उलट्या बाजूच्या ओव्हरहँगमध्ये, तारांना चिकटून बांधायचे, असं सांगितलं. (या थर्मिस्टरच्या वायरचा रंग तापमान सांगतो. १५० ला दोन्ही काळ्या, १३० ला दोन्ही निळ्या.) त्याने आधी कुरकूर केली, मग मामांनी फोन घेतला आणि त्यांच्या भाषेत समजावलं.

वायर आल्यावर त्या कुठे जोडायच्या? इथून ड्राइव्हच्या इनपुट टर्मिनलचा विषय सुरू होतो, आणि इथेच माझी फजिती झाली.

ड्राइव्हच्या कंट्रोल पट्टीवर २४ व्होल्टचं टर्मिनल असतं, कॉमन असतं, पाच-सहा डिजिटल इनपुट असतात आणि एक-दोन अॅनालॉग. कुठल्या इनपुटने काय करायचं ते पॅरामीटरमध्ये ठरतं. आधी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे पीएनपी की एनपीएन. पीएनपीमध्ये इनपुटला २४ व्होल्ट दिले की तो चालू होतो. एनपीएनमध्ये इनपुट कॉमनला जोडला की चालू होतो. दोन्ही चालतात, पण वायरचं इन्सुलेशन सोलून ती पॅनेलच्या पत्र्याला टेकली तर? कॉमन अर्थ केलेला असेल तर एनपीएनमध्ये स्टार्टची वायर टेकताच मोटर सुरू होऊ शकते. पीएनपीमध्ये तसं होत नाही. ज्या बेल्टवर बायका हाताने कचरा वेचतात तिथे पीएनपीच पाहिजे. मामांच्या पॅनेलमध्ये सुदैवाने तेच होतं.

पण स्टार्ट मात्र साध्या फिरवायच्या स्विचवर होता. स्विच चालूवर ठेवून लाइट गेली, तर लाइट आल्यावर बेल्ट आपोआप सुरू! बायका अडकलेला कापूस काढायला नेमक्या त्याच वेळी हात घालतात. मामा म्हणाले, एकदा एकीची बांगडी फुटली होती, हात थोडक्यात वाचला. आम्ही तो बदलला. स्टार्टला दाबून सोडायचं पुश बटण, आणि स्टॉपला नेहमी जोडलेला, दाबल्यावर तुटणारा कॉन्टॅक्ट. स्टॉपची वायर कुठे तुटली तरी बेल्ट थांबणार. लाइट आल्यावर कोणीतरी बटण दाबल्याशिवाय काही हलणार नाही.

हे करताना मला पट्टीवर एक छोटी वायर दिसली, २४ व्होल्टपासून एका इनपुटपर्यंत. कशाचीच नाही असं वाटलं, म्हणून मी ती काढली. नंतर ड्राइव्ह सुरूच होईना! फॉल्ट नाही, अलार्म नाही, स्टार्ट दाबलं तरी शांत. मी अर्धा तास मॅन्युअल चाळत बसले आणि मामा चहा पीत बघत होते. तो इनपुट कोस्टचा निघाला, तोही उलटा. म्हणजे त्यावर २४ व्होल्ट असले तरच मोटर चालणार, सुटले की मोटर मोकळी. डॅनफॉसच्या व्हीएलटी मालिकेत टर्मिनल २७ कारखान्यातून असंच येतं आणि १२ वरून त्याला वायर द्यावी लागते, नाहीतर पॅरामीटर बदलावा लागतो. "न कळणारी वायर काढू नये एवढं तर आयटीआयत शिकवतात," मामा म्हणाले. टेप गुंडाळलेल्या दोन वायरचं आठवून आम्ही दोघंही हसलो.

थर्मिस्टरच्या वायर मी थेट ड्राइव्हच्या अॅनालॉग इनपुटला देणार होते, मॅन्युअलमध्ये तशी सोय आहे. सोमवारी सरांना आकृती दाखवली. त्यांचा पहिला प्रश्न, "वाइंडरने थर्मिस्टरवर स्लीव्ह कोणती घातली?" मला माहीत नव्हतं. थर्मिस्टर ४१५ व्होल्टच्या तारांना चिकटून असतो. मधलं इन्सुलेशन गेलं तर तेच व्होल्टेज ड्राइव्हच्या २४ व्होल्टच्या पट्टीवर, आणि तिथून पुश बटणाच्या वायरवर. कारखान्यात बसवलेल्या थर्मिस्टरची खात्री असते, रिवायंडिंगवाल्याची देता येत नाही. सर म्हणाले, वेगळा थर्मिस्टर रिले घे आणि त्याचा कॉन्टॅक्ट ड्राइव्हच्या डिजिटल इनपुटला दे, एक्स्टर्नल फॉल्ट म्हणून. सगळं ठीक असताना जोडलेला, बिघडल्यावर सुटणारा. रिलेची स्वतःची पॉवर गेली तरी सुटतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो.

पुढच्या रविवारी तसंच केलं. मोटर आली होती, थंड थर्मिस्टरचा रोध मल्टिमीटरवर २१० ओहम आला, म्हणजे तिन्ही शाबूत. (साधा मल्टिमीटर चालतो. या वायरला मेगर लावायचा नाही, थर्मिस्टर मरतो.) मग थर्मिस्टरऐवजी तो पॉट जोडून बघितलं. रोध वाढवत नेला, साडेतीन किलोओहमच्या आसपास रिले सुटला आणि ड्राइव्हवर एक्स्टर्नल फॉल्ट आला. सोळाशे-सतराशेपर्यंत खाली आणल्यावरच रिले परत धरला. नंतर दोन्ही वायर एकमेकींना टेकवून पाहिल्या, कारण शॉर्ट झालेली वायर म्हणजे शून्य ओहम, आणि साधा रिले त्याला थंड मोटर समजेल. आमच्या रिलेला शॉर्ट ओळखता येतो, त्याने ट्रिप दिला. तुम्ही घ्याल तेव्हा हे बघून घ्या. मोटर करंटच्या जागी ११ टाकले, थर्मल ट्रिप चालू ठेवला. रजिस्टरही पाहिजे आणि झाकणही उघडून बघायला पाहिजे. एका ड्राइव्हवर दोन मोटर असतील तर मात्र रजिस्टरचा उपयोग नाही, त्याला दोघींची बेरीजच दिसते. तिथे प्रत्येकीला वेगळा रिले.

एक गोष्ट राहिली. बेल्ट जर बहुतेक वेळ २० हर्ट्झलाच चालणार असेल तर मुळात पुली बदलावी. गियरच्या बाजूला दुप्पट मोठी पुली लावली तर तोच बेल्ट त्याच वेगाने चालायला मोटर ४० हर्ट्झला फिरेल, टॉर्क निम्मा लागेल, करंट उतरेल आणि पंख्यालाही जीव येईल. संरक्षण म्हणजे उपाय नव्हे. मी हे मालकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, पुढच्या सीझनला बघू. पगारातून कापण्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, या वेळचे कापत नाही. जानेवारीचे परत मिळाले नाहीत.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तीनला, मी लेक्चरला असताना मामांचा फोन आला. मी बाहेर जाऊन उचलला. मागून मालकांचा आवाज येत होता.

"पोरी, ट्रिप मारलाय. एक्स्टर्नल फॉल्ट. गाड्या उभ्या आहेत. काय करू?"

"जाळी बघितली?"

"बघितली. साफ करायलो. पण रिले धरंना अजून."

"मग काही करू नका मामा. धरेपर्यंत थांबा."

पस्तीस मिनिटांनी त्यांचा मिस्ड कॉल आला. चालू झाली की मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलं होतं.

– तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी